चेहऱ्यावर लेझर: थंडीची वाट बघायची की सुगी संपायची?

तुळशीचं लग्न लागलं की बेळगावात टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत पार्लरच्या दारांवर एकच मजकूर झळकू लागतो: 'लेझरसाठी हिवाळा उत्तम, आजच नाव नोंदवा.' निपाणी, चिकोडी, खानापुरातही तेच. मग घरोघरी प्रश्न पडतो की उन्हाळ्यात केलं तर काय होतं, आणि पावसाळ्यात ऊनच नसतं तर तेव्हा का नको.

या जाहिरातीत अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं थंड देशांतल्या सूर्यावरून उचललेलं आहे, आणि आपला सूर्य तसा वागत नाही.

## तीन यंत्रं, तिन्हींना नाव मात्र 'लेझर'

पार्लरमध्ये 'लेझर फेशियल' म्हणून जे करतात ते पुष्कळदा लेझर नसतं. लेझरच्या यंत्रातून एकाच रंगाचा, म्हणजे एकाच तरंगलांबीचा प्रकाश निघतो. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश त्वचेत खोल जातो, आणि वरच्या थरातला काळा रंग त्याला तितका कमी अडवतो. (हा नियम साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा. त्यापुढे त्वचेतलं पाणीच प्रकाश पिऊ लागतं.)

आयपीएल म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा थोरला भाऊ. त्याच्या झेनॉन दिव्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश एका झटक्यात बाहेर पडतो आणि पुढे काचेची फिल्टर लावून त्यातला नको तो भाग अडवतात. 'फोटोफेशियल' म्हणतात ते हेच.

तिसरा एलईडी, म्हणजे लाल-निळ्या दिव्यांचा मुखवटा. त्याची ताकद फार कमी असल्यामुळे भाजत नाही आणि त्याला ऋतूचं बंधन जवळपास नाही. परिणामही तितकाच सौम्य, म्हणून त्याला इथेच सोडू.

## प्रकाशाने डाग किंवा केस जातो कसा?

त्वचेत प्रकाश पिऊन घेणाऱ्या मुख्य गोष्टी तीन: मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य, रक्ताचा लाल रंग आणि पाणी. प्रकाश ज्यात शिरतो ते तापतं आणि तुटतं. डाग घालवायचा असेल किंवा हनुवटीवरचे केस, दोन्हीकडे लक्ष्य तेच रंगद्रव्य.

पण नुसतं तापवून भागत नाही, शेजारची त्वचाही वाचवायची असते. कढईतल्या तेलात मोहरी टाकली की क्षणात तडतडते, बाहेर काढली की क्षणात गार होते. उकडलेला बटाटा मात्र पाटीत काढून ठेवला तरी अर्धा तास हाताला चटका देतो. डागातला रंगद्रव्याचा कण म्हणजे मोहरी, केसाचं मूळ म्हणजे बटाटा. मोहरीसाठी प्रकाशाचा ठोका सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतका लहान लागतो आणि बटाट्यासाठी काही हजारांश सेकंद. ठोका लक्ष्याच्या गार होण्याच्या वेळेपेक्षा लहान ठेवला तर उष्णता तिथेच राहते. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी १९८३ साली हे तत्त्व मांडलं आणि त्वचेच्या लेझरांची पुढची सगळी इमारत त्यावरच उभी राहिली. म्हणूनच डागाचं यंत्र केसांना चालत नाही आणि केसांचं डागाला. 'आमच्याकडे एकच मशीन, सगळ्यावर चालतं' असं कुणी म्हणालं तर सावध व्हा.

## मग यात ऊन कुठून आलं?

लक्ष्यही काळं आणि आपली त्वचाही काळसर, सगळी अडचण इथे आहे. प्रकाशाला खालच्या केसापर्यंत पोचायचं असतं, पण वाटेत वरच्या थरातलं रंगद्रव्य त्याला अडवतं आणि स्वतः तापतं. १९७५ साली अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी ऊन सोसण्याच्या ताकदीवरून त्वचेचे प्रकार पाडायला सुरुवात केली. आज वापरात असलेल्या सहा प्रकारांत आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्यात बसतात. त्यात उन्हाने रापलेली त्वचा म्हणजे वरच्या थरात जादा रंगद्रव्य. फेब्रुवारीत सोसलेला यंत्राच्या ताकदीचा आकडा तोच चेहरा मे महिन्यात सोसेलच असं नाही.

हा झाला उपचाराआधीच्या उन्हाचा धोका: भाजणं. नंतरच्या उन्हाचा धोका निराळा. प्रकाशोपचारानंतर त्वचा काही दिवस चिडलेली असते आणि चिडलेल्या सावळ्या त्वचेचं उत्तर ठरलेलं असतं, ती काळी पडते. डास चावल्यावर महिनाभर उरणारा डाग आठवा. त्यावर ऊन पडलं की तो आणखी गडद होतो. ज्या डागासाठी पैसे मोजले, त्याच्याच शेजारी नवा डाग.

रापलेला वरचा थर झडून नवा यायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून नियम असा: आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे चेहरा उन्हापासून जपायचा. कॅलेंडरवर महिना कुठला आहे हा त्यानंतरचा प्रश्न.

## डिसेंबरात आपली सावली मोजून बघा

ऊन किती कडक आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर त्वचेला रापवणारे अतिनील किरण जोरात आहेत, लांब असेल तर सौम्य.

लंडनमध्ये २२ डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. पाच फूट उंचीच्या बाईची सावली तिथे अठरा फुटांच्या वर जाते. तिथल्या डॉक्टरांनी 'लेझर हिवाळ्यात करा' म्हटलं तर बरोबरच आहे.

बेळगाव जवळपास १६ अक्षांशावर आहे. त्याच दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास आपला सूर्य ५० अंशांच्या वर असतो आणि त्याच बाईची सावली चार फुटांच्या आसपास भरते, म्हणजे उंचीपेक्षा आखूडच. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाची ही गत. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, आणि उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात. हवा गार लागते म्हणून ऊन सौम्य वाटतं इतकंच. गारव्याचा आणि अतिनील किरणांचा काही संबंध नाही.

मग जाहिरातीत खरं काय? खरा फरक वेळेचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे सावली सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत आखूड असते, म्हणजे सहा तास. डिसेंबरात हाच काळ अकरा ते दोन, तीन तासांचा. टाळायचे तास निम्मे होतात, घामही कमी येतो, त्यामुळे सनस्क्रीन टिकतं. हिवाळ्याचा फायदा एवढाच, आणि तो अकरा ते दोन घरात किंवा ऑफिसात बसणाऱ्यालाच मिळतो.

## पावसाळ्यात ढग असतात ना?

असतात. पण बेळगावच्या बरोबर डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो: एकदा मेच्या सुरुवातीला आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या ८-९ तारखेच्या आसपास, ऐन श्रावणाच्या दिवसांत. आभाळ झाकलेलं म्हणून सूर्य दिसत नाही, एवढंच.

ढग किती दाट हा मुद्दा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जुलैत पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, दुपारी दिवा लावावा लागतो. असा काळा ढग अतिनील किरण चांगलेच अडवतो. पण पांढऱ्या पातळ ढगातून त्यांतले बरेचसे आरपार येतात. अथणी-रायबाग पट्ट्यात पावसाळाभर असेच हलके ढग जास्त. म्हणजे जुलै-ऑगस्ट खानापूरच्या माणसाला चालू शकतो, अथणीच्या माणसाने त्याच्या भरवशावर राहू नये. जिल्हा एकच असला म्हणून काय झालं!

ज्या बाया रोपलागणीला चिखलात दिवसभर वाकलेल्या असतात, त्यांचा चेहरा ढगाळ हवेतही रापतो. शिवाय ओलसर हवेत पुरळ आणि बुरशी वाढते. अंगावर फोड किंवा नायटा असेल तर तो बरा होईपर्यंत खुर्चीत बसायचंच नाही.

## आपला हिवाळा म्हणजे सुगी

जाहिरात लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ऑफिसात बसणारी मुलगी असते. सीमाभागातल्या बऱ्याच घरांचा हिवाळा तसा नसतो. भातकापणी, मळणी, ऊसतोड, निपाणी भागात तंबाखूची कामं, सगळं याच दिवसांत येतं. सुगीत माणूस वर्षातल्या कुठल्याही काळापेक्षा जास्त वेळ उघड्यावर असतो. शेतावर राबणाऱ्याने थंडीची ऑफर बघून डिसेंबरात लेझर करून घेणं म्हणजे उलटा कारभार.

त्यात सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा मार्गशीर्ष-पौषात, आणि शहरातल्यांची चोर्ला घाटातून गोव्याची सहलही डिसेंबरातच. कोरडी वाळू वरून पडलेल्या अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत चेहऱ्यावर फेकते, म्हणून किनाऱ्यावर छत्रीखाली बसूनही माणूस रापतो.

तेव्हा महिना विचारू नका. एका सिटिंगसाठी सलग आठ आठवडे, आधीचे चार आणि नंतरचे चार, आपण कधी सावलीत काढू शकतो ते बघा. शिक्षिकेला तो काळ दिवाळीनंतर मिळेल, शेतकरी बाईला कदाचित कामं उरकल्यावर, फिरत्या विक्रेत्याला बहुधा कधीच नाही. त्याने सनस्क्रीन, टोपी आणि डॉक्टरांनी ठरवलेली कमी ताकद यांवर चालावं.

सनस्क्रीनचं प्रमाणही सांगतो, कारण चूक तिथेच होते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीवर एकेक रेघ काढा. एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. लोक याच्या चौथाई ते निम्मंच लावतात आणि 'एसपीएफ ५० लावूनही रापले' म्हणतात. एसपीएफ ३० किंवा जास्त, सोबत 'पीए' (लांब अतिनील किरणांपासून बचावाचं माप) पुढे तीन-चार अधिकची चिन्हं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. बेळगाव-कोल्हापूर बसच्या खिडकीची काचही पुरत नाही. भाजून लाल करणारे आखूड अतिनील किरण ती बरेचसे अडवते, रापवणारे लांब अतिनील किरण मात्र आत येऊ देते. स्कूटरवर बांधायची ओढणी घट्ट विणीची आणि गडद रंगाची हवी. मलमलीतून ऊन गाळून येतं.

## लग्नाची तारीख ठरली? मग मागे मोजत या

हनुवटी आणि ओठांवरच्या केसांसाठी साधारण सहा सिटिंग लागतात, दोहोंत चार ते सहा आठवड्यांचं अंतर. केसांची मुळं एकाच वेळी वाढत नाहीत. वाढीच्या टप्प्यातलं मूळच प्रकाशाला सापडतं, बाकीची झोपलेली असतात. सहा सिटिंगांची पाच अंतरं म्हणजे वीस ते तीस आठवडे. सुरुवातीची पॅच टेस्ट, म्हणजे छोट्याशा भागावर करून बघायची चाचणी, दोन आठवडे धरा. शेवटच्या सिटिंगनंतर लग्नापर्यंत चार आठवडे मोकळे ठेवा. एकूण सव्वीस ते छत्तीस आठवडे, म्हणजे सहा ते आठ महिने. वैशाखातल्या लग्नासाठी गणपतीच्या सुमारास सुरुवात हवी. संक्रांतीला जाऊन 'मार्चपर्यंत सगळं उरका' म्हणणाऱ्याला नाही म्हणणारा डॉक्टर चांगला.

या काळात थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा बंद. केस मुळासकट उपटला तर प्रकाशाने धरायचं काय? वस्तऱ्याने किंवा ट्रिमरने कापलेला चालतो, उलट आदल्या दिवशी कापूनच यावं लागतं. वर राहिलेला केस प्रकाश पिऊन जळतो आणि त्वचेला चटका बसतो. पांढरे केस मात्र कुठल्याच सिटिंगने जात नाहीत, त्यांत रंगद्रव्यच नसतं.

हळदीचं काय? ताज्या उपचाराच्या त्वचेवर हळद, बेसन, लिंबू यांतलं काहीही चोळायचं नाही. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर चट्टेच उठतात. उलट बाजूनेही बघा. हळदीचा किंवा भंडाऱ्याचा पिवळेपणा चेहऱ्यावर असेल तर त्वचा किती लाल झाली हे डॉक्टरांना ओळखता येत नाही. कुंकू, काजळ, फाउंडेशन, गुलाल यांचा अंश राहिला तर प्रकाश आधी त्यालाच पकडतो आणि तिथे भाजतं.

## वांग असेल तर थांबा

गालांवर, कपाळावर, ओठांवर उमटणारे तपकिरी चट्टे म्हणजे वांग. पुष्कळदा गरोदरपणात येतात. लोक सगळ्यात जास्त लेझर यासाठीच मागतात आणि सगळ्यात जास्त निराश यातच होतात. सुट्टा ठिपका एकदा गेला की बहुधा लवकर परतत नाही. वांग हा त्वचेचा स्वभाव असतो. ऊन, चुलीची किंवा शेगडीची धग, काही गोळ्या, इतकंच काय डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही त्याला चेतवतो. ताकदवान आयपीएलचा झटका म्हणजे त्यात आणखी एक धग.

वांगावर पहिला उपचार सनस्क्रीन, तोही लोहाचे ऑक्साइड असलेला रंगीत, कारण पांढरा सनस्क्रीन दिसणारा उजेड अडवत नाही. दुसरा डॉक्टरांनी लिहिलेली मलमं. लेझर फार तर शेवटी आणि कमी ताकदीचं. तेही दर आठवड्याला महिनोन्‌महिने मारत राहिलं तर त्वचेवर पांढरे ठिपके पडतात, भाताच्या दाण्याएवढे, आणि ते काळ्या डागांहून हट्टी असतात.

## काय बिघडतं आणि का

आयपीएलने भाजल्याची खूण ओळखू येते: हँडपीसच्या, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या मुठीच्या, काचेच्या आकाराचे चौकोनी पट्टे. कारणं ठरलेली आहेत. त्वचा रापलेली होती, थंड करायचं जेल पुरेसं लावलं नव्हतं, काचेला मागच्या माणसाचा जळका केस चिकटला होता, किंवा आकडा गोऱ्या त्वचेचा ठेवला होता. सावळ्या त्वचेच्या केसांसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर सगळ्यांत सुरक्षित, कारण वरच्या रंगद्रव्याला ते कमी छेडतं. ८०८-८१० चं डायोड जपून चालतं. आयपीएलला इथे सर्वांत कमी वाव.

चटका बसलाच तर गार पाण्याची घडी ठेवा. बर्फ थेट नको, टूथपेस्ट तर नकोच. फोड फोडायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. नुसती लाली एक-दोन दिवसांत उतरते. डागावर कॉफीच्या पुडीसारखी काळी खपली धरली तर घाबरू नका, ती आठ-दहा दिवसांत आपोआप पडते. नखाने काढलीत तर खड्डा किंवा नवा डाग.

काही वेळा उलटंच होतं: हनुवटीवरचे केस कमी व्हायचे सोडून आजूबाजूला नवे उगवतात. कमी ताकदीचा प्रकाश झोपलेल्या मुळांना जागं करतो असं मानतात. पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) असलेल्या मुलींच्या गालावर, मानेवर हे दिसतं, म्हणून त्यांनी संप्रेरकांची तपासणी आधी करावी.

डोळ्यांवर पूर्ण अपारदर्शक गॉगल हवाच. भुवईच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत कुणी मारतो म्हणाला तर उठून यावं. बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्यातही रंगद्रव्यच असतं. कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण असेल, जसं आपल्याकडच्या वयस्क बायकांच्या असतं, तर केसांचा प्रकाश त्यावरून फिरवायचा नाही. गोंदणाचा काळा रंग कुठल्याही तरंगलांबीचा प्रकाश पितो आणि फोड येतो.

## 'एवढ्या प्रकाशाने कॅन्सर होत नाही का?'

त्वचेच्या कॅन्सरशी संबंध अतिनील किरणांचा, म्हणजे ४०० नॅनोमीटरच्या खालचा. या यंत्रांचा प्रकाश त्याच्या वरचा असतो, तो तापवतो पण पेशींच्या गुणसूत्रांना तसा धक्का देत नाही. खरा धोका वेगळाच. नुकताच बदलू लागलेला, वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ 'डाग' समजून लेझरने पुसला तर आजार आत राहतो आणि खूण जाते. असा तीळ आधी त्वचारोगतज्ज्ञांनी तपासावा.

'मेडिकलवाल्याने दिलेलं गोरेपणाचं क्रीम लावते, तेवढं चालेल ना?' हा प्रश्न त्याहून मोलाचा. ट्यूब उलटून बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. महिनोन्‌महिने लावलेल्या स्टेरॉइडने त्वचा पातळ, लाल आणि चिडकी झालेली असते. तिच्यावर लेझर नको, आणि क्रीमही एकदम बंद नको, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवायचं. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, ओठांवर पुन्हापुन्हा येणारे फोड (जर), जखमेवर वण फुगण्याची सवय, दिवस राहिलेले असणं, यांतलं काही असेल तर आपणहून सांगा. रेटिनॉलची मलमं पाच-सात दिवस आधी थांबवतात.

## एक कागद मागून घ्या

सीमाभागातल्या मुलीचं लग्न कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, कुठेही होतं आणि सहापैकी तीन सिटिंग बेळगावात राहतात. नव्या गावचा डॉक्टर मग अंदाजाने सुरुवात करतो: कमी ताकदीने केली तर पैसे वाया, जास्त ठेवली तर चटका. म्हणून प्रत्येक सिटिंगनंतर एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: यंत्राचं नाव, तरंगलांबी, ताकद किती ज्यूल, ठोक्याची लांबी आणि त्या दिवशी त्वचा रापलेली होती का. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी ते मराठीत वाचून दाखवायला सांगा. पॅच टेस्ट कानापुढे किंवा जबड्याखाली करून घ्या आणि किमान अठ्ठेचाळीस तास, शक्यतो दोन आठवडे, तिच्याकडे बघत राहा. गाव बदललं, यंत्र बदललं किंवा मधे एखादी सुगी उन्हात गेली, तर पॅच टेस्ट पुन्हा पहिल्यापासून.